पाद्री डॉ. जॉन विल्सन आणि त्यांची शाळा

स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन पंथात बिशपाची गादी नाही. मंडळीचा कारभार धर्मोपदेशक आणि मंडळीतील वडीलधारे यांच्या सभा पाहतात, आणि बायबल ज्याचे त्याने स्वतः वाचावे असा कटाक्ष असल्यामुळे देवळाबरोबर शाळा चालविणे ही तेथील गावोगावची जुनी वहिवाट. या वहिवाटीत वाढलेले, १८०४ साली लॉडर गावी जन्मलेले डॉ. जॉन विल्सन १८२९ च्या फेब्रुवारीत पत्नी मार्गारेट यांच्यासह मुंबईस उतरले, तेव्हा धर्मप्रसार आणि विद्यादान ही त्यांच्या लेखी दोन निराळी कामे नव्हतीच. कोकणात बाणकोट-हर्णैकडे राहून त्यांनी प्रथम मराठी आत्मसात केली. मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा उघडल्या. १८३५ साली त्या अकालीच निवर्तल्या. पुढे विल्सन महाविद्यालय म्हणून नावारूपास आलेली इंग्रजी शाळा १८३२ ची.

विल्सन मवाळ प्रचारक नव्हते. १८३१ मध्ये हिंदुधर्माची बाजू मांडणाऱ्या मोरभट दांडेकरांशी त्यांचा जाहीर वाद झाला, आणि हिंदुधर्मावर त्यांनी जी टीका छापली ती कठोर तर होतीच, पण आज वाचताना कित्येक ठिकाणी एकांगीही वाटते. प्रकरण खरे पेटले ते १८३९ साली. धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या त्यांच्या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेताच पारशी समाज खवळून उठला, मुलांच्या ताब्यासाठी मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात अर्ज गुदरला गेला, आणि तरुणांना आपले बरेवाईट कळते असे मानून कोर्टाने निर्णय त्यांच्यावरच सोपविला. खटला विल्सन यांनी जिंकला खरा. पण पालकांनी मुले काढून घेतल्यामुळे शाळा जवळजवळ ओस पडली. मुंबईच्या शेटसावकारांना इंग्रजी विद्या हवी होती, तिच्याबरोबर येणारा धर्म नको होता, आणि हा व्यवहार विल्सन यांना मान्य होणे शक्यच नव्हते.

शाळा हळूहळू सावरते न सावरते तोच १८४३ साली स्कॉटलंडचे चर्च दुभंगले. गावच्या धर्मोपदेशकाच्या नेमणुकीत जमीनदारांचा हक्क चालावा की नाही, हे त्या फुटीचे मुख्य कारण. विल्सन स्वतंत्र झालेल्या चर्चच्या बाजूस गेले, आणि त्या निष्ठेपायी मुंबईतील शाळेची इमारत त्यांच्या हातून गेली. शाळा मात्र दुसऱ्या जागेत चालू राहिली.

या गृहस्थांचे पांडित्य मात्र त्यांच्या प्रतिपक्षीयांनाही नाकारता येण्याजोगे नव्हते. १८३५ साली गिरनारच्या शिळेवरील लेख पाहून त्यांनी त्याच्या नकलेची तजवीज केली आणि ती कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पोहोचली; अशोकाच्या आज्ञा वाचण्याच्या कामी तिचा उपयोग झाला. परधर्मावर तुटून पडणाऱ्या पाद्र्याने त्याच देशाच्या प्राचीन इतिहासासाठी असे कष्ट घ्यावेत, यात त्यांना स्वतःला काही विसंगती वाटत नसावी. उच्च शिक्षणात देशी भाषांना स्थान असावे, हाही त्यांचा आग्रह होता.

१८६८ साली ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि १८७५ च्या १ डिसेंबरला मुंबईतच त्यांचा अंत झाला. जातिसंस्थेवरील त्यांचा ग्रंथ त्यानंतर प्रसिद्ध झाला. महाविद्यालयाची चौपाटीसमोरची इमारत तर १८८९ ची.