द्राक्षाची उरलेली बाटली गव्हावर नको

द्राक्षाच्या फवारणीतून उरलेली बाटली घरात पडून असते. मनात येतं, वाया कशाला घालवायची, मारू या गव्हावर. आज आपण याच बाटल्यांबद्दल बोलू. आपण सगळ्यांनाच 'टॉनिक' म्हणतो, पण त्यांत दोन वेगळ्या जाती आहेत.

पहिली जात समुद्री शेवाळाच्या अर्काची. तमिळनाडूत रामेश्वरमच्या बाजूला बचत गटांतल्या बाया समुद्रात बांबूच्या तराफ्यांवर हे शेवाळ पिकवतात. ताजं शेवाळ पिळून रस काढायची रीत भावनगरच्या सरकारी संशोधन संस्थेनं बसवली. त्या रसात पालाश असतो, सूक्ष्म अन्नद्रव्यं असतात आणि वाढीला मदत करणारी द्रव्यं अगदी थोडी असतात. गव्हावरच्या प्रयोगांत त्यानं उत्पन्न वाढलेलं दिसलं आहे. पण त्यात नत्र नावापुरतंच, म्हणून तो युरियाची जागा घेत नाही. तो जोडीला चालतो, एकटा नाही.

दुसरी जात संजीवकांची. ही पिकाला खाऊ घालत नाहीत, हुकूम सोडतात. 'जीए', म्हणजे जिबरेलिक आम्ल, 'लांब हो' म्हणतं. जपानात भाताची रोगट रोपं उंच, फिकी होऊन कोलमडायची. हे बुरशीनं सोडलेल्या द्रव्यामुळं होतं, असं १९२६ साली कुरोसावा यांनी दाखवलं. तेच हे जीए. द्राक्षाचा घड लांबवायला ते कामाचं. गव्हाची कांडी मात्र त्यानं लांब आणि लेचीपेची होते. ओंबी भरली, वारा सुटला, की गहू लोळलाच.

खरड छाटणीनंतर वापरतो ते 'सीसीसी' याच्या उलट. ते झाडात जिबरेलिन तयार होऊ देत नाही, म्हणून कांडी आखूड राहते. परदेशात गहू लोळू नये म्हणून ते वापरतात. पण मात्रा किंवा वेळ चुकली तर पीक खुजंच राहतं.

म्हणून आधी लेबल वाचायचं. २०२१ पासून शेवाळाचे अर्क खत नियंत्रण आदेशाखाली 'जैव-उत्तेजक' म्हणून येतात. जीए, सीसीसी कीटकनाशक कायद्याखाली येतात. लेबलवर गव्हाचं नाव, मात्रा आणि वेळ नसेल, तर ती बाटली गव्हाची नाही.

आणि गटाचा पैसा काढण्याआधी एक बघा: पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांचं पाणी चुकलं नाही ना? तेव्हा मुकुटमुळं फुटतात, त्यावरच फुटवे ठरतात. ते पाणी चुकलं तर कुठलीच बाटली ते भरून देत नाही.

तरी अर्क वापरून बघायचाच असेल, तर शेजारशेजारचे दोन सारखे वाफे घ्या. एकावर अर्क, दुसऱ्यावर नुसतं पाणी फवारा. बाकी सगळं सारखं ठेवा. मळणी वेगळी करा, दाणे तोला. वाढलेल्या दाण्यांची किंमत बाटली आणि मजुरीपेक्षा जास्त भरली, तरच पुढच्या वर्षी आणा. शंका आली तर निफाडजवळ कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे, तिथं विचारा. आणि वाफ्यांचं वजन गटाच्या वहीत नक्की लिहा, म्हणजे एकीचा अनुभव सगळ्यांच्या कामी येईल.