सनदेतील न वाचलेली ओळ

१९९१ साली बुऱ्हाणपुरात मानसशास्त्र शिकवावयास मी प्रथम वर्गापुढे उभा राहिलो, तेव्हा आमचे गाव जिल्ह्याचे ठिकाणही नव्हते. खंडव्याच्या दप्तरातून चालणाऱ्या पूर्व निमाड जिल्ह्यातील ती एक तहसील होती, आणि जिल्ह्याचा दर्जा मिळण्यास १५ ऑगस्ट २००३ हा दिवस उजाडावा लागला. एखादा संशोधनलेख हवा असला की दोनच मार्ग होते. लालबागच्या स्टेशनावरून गाडी धरून मुंबईस जावे, तेथील एखाद्या ग्रंथालयात कोणा ओळखीच्या गृहस्थाच्या चिठ्ठीवर प्रवेश मिळवावा आणि हव्या त्या पानांच्या छायाप्रती पदरमोड करून आणाव्यात. अथवा मूळ लेखकास पोस्टाने कार्ड धाडून मुद्रित प्रतीची विनंती करावी. बरीच कार्डे निरुत्तरच राहत. परंतु तीन-चार महिन्यांनी एखादे परदेशी तिकिटांचे पाकीट येई, तिकिटे विद्यार्थी वाटून घेत आणि लेख माझ्या कापडी दप्तरात जाई, त्या दिवशी घरी सणासारखे वाटे, हे आज सांगितले तर तरुण अध्यापकांस खरे वाटणार नाही.

ज्या ज्ञानशाखेचे हे लेख असत, तिचे वयही तेव्हा फारसे नव्हते. रोग केवळ शरीरात घडत नाही, त्यात मन आणि समाज यांचाही वाटा असतो, हा विचार जॉर्ज एंगेल यांनी १९७७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात सविस्तर मांडला. पुढच्याच वर्षी अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेत आरोग्य मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग झाला आणि १९८२ पासून त्याचे नियतकालिक निघू लागले. मला या शास्त्राचे आकर्षण वाटले ते आमच्या गल्लीमुळे. यंत्रमागांच्या खडखडाटात रात्रपाळी करणारा, तंबाखूवाचून हात न चालणारा, मधुमेहाची गोळी बरे वाटताच आपल्या मनाने बंद करणारा बुनकर हा या शास्त्राचा खरा विषय होता, आणि तो माझ्या दाराशी राहत होता. त्याच्याविषयी जे लिहिले जाई ते मात्र त्याच्यापासून आणि माझ्यापासून सारख्याच दूरच्या कपाटात कुलूपबंद होते.

हे कुलूप उघडण्याचा जाहीर संकल्प १४ फेब्रुवारी २००२ रोजी बुडापेस्ट येथून प्रसिद्ध झाला. ओपन ॲक्सेस, मराठीत म्हणावयाचे तर मुक्त प्रवेश, या शब्दाला त्या जाहीरनाम्याने निश्चित अर्थ दिला. पण या चळवळीचा इतिहास सांगताना आपल्याकडची एक गोष्ट बहुधा गाळली जाते, आणि त्याचा मला मनापासून खेद वाटतो. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे व के. ई. एम. रुग्णालयाचे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हे १९५५ पासून निघणारे त्रैमासिक, बुडापेस्टच्या जाहीरनाम्याच्या सुमारासच, संपूर्ण मजकुरासह इंटरनेटवर सर्वांस खुले झालेले होते. डॉ. डी. के. साहू या बालरोगतज्ज्ञांनी उभारलेल्या मुंबईच्या ‘मेडनो’ संस्थेने हीच वहिवाट पुढे अनेक भारतीय वैद्यकीय नियतकालिकांस लावून दिली. वाचकाकडून मोल नाही आणि लेखकाकडूनही नाही, खर्च निघावयाचा तो छापील अंकाच्या वर्गणीतून व जाहिरातींतून, अशी ती साधी व्यवस्था होती. ज्या पद्धतीस आज पाश्चात्त्य जगत ‘डायमंड’ हे भारदस्त नाव देते, ती परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयातील अध्यापकांनी गाजावाजा न करता चालवून दाखविली होती. २०११ साली मेडनो ही संस्था व्होल्टर्स क्लुवर या डच कंपनीच्या मालकीची झाली. तरीही त्या दशकाचे ऋण माझ्यासारख्या आडगावच्या शिक्षकावर मोठे आहे. ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिॲट्री’चे लेख मी महाविद्यालयासमोरच्या सायबर कॅफेत, तासाच्या भाड्याने, प्रथम पूर्ण वाचले.

पाश्चात्त्य देशांत मात्र मुक्त प्रवेशाने निराळे वळण घेतले. वाचकाची जकात माफ झाली, ती लेखकावर बसविण्यात आली. पब्लिक लायब्ररी ऑफ सायन्स या संस्थेचे ‘प्लॉस मेडिसिन’ ऑक्टोबर २००४ मध्ये निघाले, तेव्हा एका लेखाचे प्रकाशनशुल्क १५०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने सदुसष्ट-अडुसष्ट हजार रुपये होते. ज्यास देणे शक्य नाही त्यास माफीची सोय त्यांनी ठेविली होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. २०१४ साली सेज प्रकाशनाने ‘हेल्थ सायकॉलॉजी ओपन’ काढले, तेव्हा आमच्या विषयासही स्वतःचे मुक्त व्यासपीठ मिळाले. परंतु शुल्काची प्रथा पडताच तिच्या आडून खोट्या नियतकालिकांची दुकाने उघडली. मीही एकदा फसलो. बुनकरांच्या निद्रेवरील माझा एक लेख एका नियतकालिकाने पाच दिवसांत, एकही शंका न विचारता स्वीकारला आणि सहाव्या दिवशी पैशाचा तगादा लावला. पैसे भरल्यावर लेख छापून आला, त्यात दोन कोष्टकांची अदलाबदल झालेली होती, आणि दुरुस्तीच्या माझ्या चार पत्रांस उत्तर आले नाही. २०१८ च्या मे महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके एका हुकमाने वगळली, तेव्हा त्यांतील एक नाव माझ्या ओळखीचे होते.

याच काळात, जे मला वर्षानुवर्षे हवे होते असे काम आमच्या चहूबाजूंस होत होते. २०१२ च्या ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये ‘प्राइम’ या पाच देशांच्या मानसिक आरोग्यसेवेच्या योजनेची माहिती आली, त्यात भारतातून निवडलेला जिल्हा आमच्याच राज्यातील सिहोर होता. आमच्या सीमेस लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम चालला. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण तेथे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आणि गोव्यात, १९९६ पासून कार्य करणाऱ्या ‘संगत’ संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्णांवर एक प्रयोग केला: मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या सामान्य समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत, रुग्ण व्यक्तीस तिची सोडून दिलेली कामे हळूहळू पुन्हा करावयास लावावयाचे. गुण आला; आणि तो वर्षभर टिकला, हे सांगणारा लेख २०१७ साली ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये सर्वांस खुला होता.

तो लेख मी मराठीत उतरविण्यास घेतला आणि पहिल्याच पानावर अडलो. उपचाराच्या नावासाठी मी ‘वर्तनसक्रियीकरण’ असा शब्द घडविला आणि मोठ्या समाधानाने माझ्या एका विद्यार्थिनीस वाचून दाखविला. तिचे वडील मागावर काम करीत, आणि आई घरी कांड्या भरीत असे. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “सर, हे मी आईला कसं सांगू? तिनं दिवाळीपासून कांड्यांचं यंत्र फडक्यानं झाकून ठेवलंय. तुळशीलाही पाणी घालत नाही.” मी त्या शब्दावर रेघ मारली आणि तेथे ‘सुटलेले नेम पुन्हा धरणे’ असे लिहिले. संपूर्ण भाषांतरातील तेवढेच शब्द मला आजही निर्दोष वाटतात. पुढे त्या मुलीने ती पाने आईस रोज थोडीथोडी वाचून दाखविली. यंत्रावरचे फडके निघाले ते संक्रांतीच्या सुमारास, आणि दरम्यान सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांचे औषधही चालू होते. म्हणून श्रेय कशाचे किती, हे मी सांगत नाही. आपल्या दुखण्यावर एवढे लोक विचार करीत आहेत हे त्या बाईस प्रथमच कळले, एवढे मात्र मी त्यांच्याच तोंडून ऐकले.

१ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ ही योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर करून तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी शिक्षणसंस्थांस उपलब्ध करून देण्यात आली. मी तिचे स्वागत करतो. मुंबईच्या गाडीचा खर्च आता कोणा अध्यापकास पडावयाचा नाही. पण ही वर्गणी आहे. ती भरली आहे तोवर वाचावयाचे, आणि तेही संस्थेच्या नावावर. बुनकराच्या घरी ती पोहोचत नाही, आणि वाचलेले भाषांतरून इतरांस वाटण्याची मुभाही तिच्यात नाही.

ती मुभा ‘प्लॉस’सारख्या नियतकालिकांतील मुक्त लेखांत आहे, आणि बुडापेस्टच्या जाहीरनाम्यापासून आजवर आपण मराठी माणसांनी तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. खुला झालेला लेख इंग्रजीतच राहिला तर दरवाजा उघडूनही उंबरठा तेवढाच उंच राहतो. ज्यांच्यापाशी इंग्रजी आहे आणि या विषयाची जाण आहे, त्यांनी वर्षाकाठी एक लेख मराठीत आणावा, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी कोणाच्या दारात अर्ज घेऊन उभे राहावे लागत नाही. ‘प्लॉस’च्या प्रत्येक लेखासोबत क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याची ओळ छापलेली असते. मूळ लेखकाचे नाव द्यावे, परवान्याचा निर्देश करावा आणि बदल केला असल्यास तसे नमूद करावे, एवढेच त्या परवान्यात मागितले आहे.