सुरकुत्यांच्या थराखाली

साठीच्या उंबरठ्यावर गाल ओघळतात, जबड्याची रेषा पुसट होते, मानेवर उभे पट्टे उमटतात. दोष केवळ सैल त्वचेचा नसतो. विसाव्या शतकाच्या आरंभी शल्यविशारद कानाजवळची त्वचा कापून, ताणून शिवत. परिणाम अल्पकाळ टिके आणि चेहरा मात्र ओढल्यासारखा दिसे. १९७६ साली मिट्झ व पेरोनी या फ्रेंच शल्यविशारदांनी त्वचेखालच्या चिवट आवरणाचे सविस्तर वर्णन केले. ताण त्वचेऐवजी या आवरणावर देता येऊ लागला. मानेतील प्लॅटिस्मा हा पातळ स्नायूही त्याच्याशी सलग असल्याने चेहरा व मान बहुधा एकत्रच सुधारतात.

परंतु याच आवरणाखालून चेहरा हलविणाऱ्या मज्जातंतूच्या शाखा जातात. त्यांना इजा झाल्यास हसूच वाकडे व्हायचे! त्वचेखाली रक्त साकळणे हा सर्वाधिक आढळणारा उपद्रव. म्हणून रक्तदाब आटोक्यात हवा. धूम्रपान करणाऱ्यांची त्वचा जखमेच्या कडेला मृत होण्याची भीती अधिक असते.

शिवाय वय थांबत नाही. सुधारलेला चेहराही कालांतराने पुन्हा उतरतो. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आपल्याकडील आरोग्यविमा सहसा देत नाही. तेव्हा मुदत ठेव मोडण्यापूर्वी शल्यविशारदाकडे प्लास्टिक सर्जरीची रीतसर पदवी आहे ना, एवढे तरी विचारून घ्यावे.