नियंत्रण-मंडलातील सुरक्षेचे तत्त्व

कर्जतहून बोरघाट चढणाऱ्या लोहमार्गावर एक उद्बोधक व्यवस्था आढळते. उतरणारी गाडी ठरावीक ठिकाणी थांबल्यावाचून तिला मुख्य मार्ग मिळत नाही. सांधे एरवी चढत्या बगलमार्गाकडे वळविलेले असतात. ब्रेक निकामी झाल्यास गाडी त्या चढावर जाऊन थांबते. काहीही न केल्यास जे घडते, तेच सुरक्षित असते.

कारखान्यातील विद्युत्-नियंत्रणाचे सूत्रही हेच होय. थांबविण्याच्या कळीचा संपर्क एरवी मिटलेला ठेवून त्यातून काँटॅक्टरचे वेटोळे सतत भारित ठेवतात. कळ दाबली, तार तुटली वा पुरवठा गेला, तरी यंत्र थांबतेच. उलट, कळ दाबल्यावरच मंडल पूर्ण होणारी जोडणी असल्यास तुटलेली तार ऐन संकटाच्या क्षणी उघडकीस येते.

परंतु एवढ्याने भागत नाही. काँटॅक्टरचे संपर्क वितळून चिकटल्यास वेटोळ्यातील प्रवाह तुटूनही मोटार फिरतच राहील. म्हणून दोन काँटॅक्टर एकसरीत जोडतात व दोन्ही उघडल्याची खात्री पटल्याखेरीज यंत्र पुन्हा सुरू होऊ देत नाहीत. दोष टळेलच असे नव्हे. तो घडला तरी माणूस वाचावा, एवढीच या रचनेची प्रतिज्ञा आहे.