ट्रेकिंगची काठी: कापायची हिवाळ्यात, विकायची पावसाळ्यात



आज अशा वस्तूबद्दल बोलूया, जी बघून प्रत्येकाला वाटतं, ‘ह्यात काय आहे, हे तर मीही करीन.’ ट्रेकिंगची लाकडी काठी. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी गडाच्या पायथ्याशी चहा-भजीच्या टपरीला टेकून काठ्यांचा भारा उभा असतो. भांडवल फारसं नाही, मशीन नाही, गिऱ्हाईक स्वतः चालत येतं. मलाही हा धंदा तेवढाच सोपा वाटला होता, आणि त्याच भ्रमात मी एकाला चुकीचा सल्ला दिला. तिथूनच सुरुवात करतो.

आमच्या एका बॅचमध्ये पायथ्याच्या गावातला एक मुलगा होता. जून लागला होता. चुलत्यांच्या बांधावर बांबूची दोन बेटं, समोर ट्रेकर्सची गर्दी. त्याने विचारलं, “सर, बांबू ओला आहे. वाळू देऊ का थोडा?” मी म्हटलं, “सीझन चुकवू नकोस. आधी विकायला लाग, माल नंतर सुधारता येतो.” हे वाक्य मी वर्गात शेकडो वेळा बोललो असेन. लोणच्याला, पिशव्यांना, अगरबत्तीला ते चालूनही जातं.

चार आठवड्यांत त्याने १०० रुपयांना एक अशा ६० काठ्या विकल्या. मला फोटो पाठवला, मी शाबासकी दिली. पाचव्या आठवड्यात पन्नाशीच्या एक ताई गड उतरत होत्या. ओल्या पायरीवर त्यांनी काठी टेकवली आणि ती खालून उभी फाटली. गुडघा फुटला, नशीब, हात-पाय मोडला नाही. मुलाने पैसे परत केले, त्यांना गाडीपर्यंत सोडलं. ताई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “अरे, मी तुझ्या काठीवर भार टाकला होता रे.”

दिवाळीत त्याने उरलेल्या ३० काठ्या माळ्यावरून काढल्या, तर खाली बारीक पिठाचा थर. भुंगा लागला होता. हातात धरून दाबलं तर दोन-तीन काठ्या तिथेच करकरल्या. म्हणजे ज्या विकल्या गेल्या, त्याही अशाच कुठे कुठे लोकांच्या घरात उभ्या असतील. त्या रात्री तो नीट झोपला नाही, आणि खरं सांगू, मीही नाही.

मग आम्ही दोघांनी हे काम मुळापासून शिकायचं ठरवलं.

पहिली गोष्ट, कोणता बांबू? बाजारात ‘बांबू’ म्हणून मिळणारा प्रत्येक बांबू काठीचा नसतो. पोकळ, पातळ भिंतीचा बांबू मांडवाला ठीक. काठीला हवा भरीव किंवा जाड भिंतीचा. आपल्याकडे मानवेल ही त्यातली जुनी जात. पोलिसांच्या लाठ्याही ह्याच जातीच्या होत आल्या आहेत. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, माणगा मिळतो. तो बिनकाट्यांचा आणि बराचसा भरीव, त्यामुळे तोडायलाही सोपा. जाडी साधारण एक ते सव्वा इंच. त्याहून बारीक काठी लवते, जाड काठी मुठीत बसत नाही.

लाकूड वापरायचं असेल तर धामण. कुऱ्हाडीच्या दांड्याला जुने लोक धामण शोधायचे ते उगाच नाही. ती लवते पण पटकन मोडत नाही. मात्र झाडाची काठी म्हटली की तोडीच्या परवानगीचा प्रश्न येतो. पावती देणाऱ्या वखारीतूनच माल घ्या. बांबूचं त्या मानाने सोपं आहे. २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वनाबाहेर वाढलेला बांबू ‘झाड’ ह्या व्याख्येतून निघाला. म्हणजे शेतातला, बांधावरचा बांबू. जंगलातला नव्हे! कळसूबाईच्या वाटेवर काठ्या विकायच्या म्हणून तिथल्याच रानात कोयता घेऊन शिरलात तर ते कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, हे लक्षात ठेवा. काठीचा धंदा राहील बाजूला, वकील शोधावा लागेल.

दुसरी गोष्ट, कधी कापायचा? इथेच माझा सल्ला आपटला होता. पावसाळ्यात बांबू वाढीला लागलेला असतो, अंगात पाणी आणि पिठूळपणा भरपूर. भुंग्याला तेच पिठूळ आवडतं. म्हणून कापणी पाऊस संपल्यावर, थंडीत, आणि तीन वर्षांपुढचाच बांबू. कोवळ्या बांबूवर पांढरी भुकटी आणि पेरांना चिकटलेली साल दिसते. जून बांबू निस्तेज, डागाळलेला असतो आणि कोयत्याच्या मुठीने ठोकला तर खणखणीत वाजतो.

कापल्यावर लगेच काठीच्या मापाचे तुकडे करायचे, दोन्हीकडे चार-पाच इंच जादा ठेवून, कारण वाळताना टोकं तडकतात. मग टाकणखार आणि बोरिक पावडर. आम्ही १०० लिटर पाण्यात ३ किलो टाकणखार आणि २ किलो बोरिक पावडर घेतो आणि ओल्या काठ्या दहा-बारा दिवस बुडवून ठेवतो. हातमोजे घाला. ते पाणी विहिरीशेजारी, ओढ्यात किंवा पिकात ओतू नका, पीक जळतं. नंतर काठ्या सावलीत उभ्या करून वाळवायच्या. घाईने उन्हात टाकल्या की चिरा पडल्याच म्हणून समजा. दोन-अडीच महिने तरी लागतात. वाकडी काठी निखाऱ्यावर फिरवत गरम करायची, फटीत अडकवून हळूहळू सरळ करायची आणि गार होईपर्यंत तशीच धरायची. हे हाताला बसायला वेळ लागतो. आमच्या पहिल्या दहा काठ्या भाजल्या गेल्या, वाकड्या त्या वाकड्याच.

खालचं टोक गाठीला लागूनच, गाठीच्या खाली कापायचं. ताईंच्या हातातली काठी फाटली ती ह्यामुळेच. त्या मुलाने गाठ छाटून पेर उघडं ठेवलं होतं. टोकाला लोखंडी शेंबी रुबाबदार दिसते, मातीत छान रुतते, पण आपल्या सह्याद्रीच्या काळ्या ओल्या कातळावर ती सरकते. आम्ही कुबडीला लावतात ते रबरी बूच लावतो, मेडिकलच्या दुकानात मिळतं. वर सुती दोरीचा फास. शेवटी जवसाच्या तेलाचे दोन हात, कारण टाकणखार पावसात धुऊन निघतो, वरून थर हवाच. तेलाचे बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून मग फेका.

माप दोनच ठेवा: चार फूट आणि साडेचार फूट. हात कोपरात वाकवला की मूठ कोपराच्या थोडी वर यायला हवी, उतरताना तेवढी उंची कामाला येते.

आता हिशोब. त्या मुलाच्या वहीतले आकडे सांगतो. गेल्या हिवाळ्यात १०० तुकडे कापले. बांबू, कापणी आणि टाकणखार धरून तुकड्याला ४० रुपये, म्हणजे ४,००० रुपये. त्यातले २२ बाद झाले. काही तडकले, काही सरळ होईनात, आणि काही आमच्या परीक्षेत नापास. परीक्षा साधी आहे. काठी दोन विटांवर आडवी ठेवायची आणि मी मध्यावर एक पाय देऊन भार टाकायचा. वजनदार माणसाचा कुठेतरी उपयोग व्हावा की! उरल्या ७८, म्हणून काठीला ५१ रुपये पडले. बूच, दोरी, तेल, पॉलिशपेपर ४०. चाळीस मिनिटांचं काम, तासाला ७५ रुपये मजुरी धरली तर ५०. एकूण १४१.

पहिल्या वर्षी तो १०० रुपयांना विकून खूश होता. कारण बाद माल आणि स्वतःची मजुरी वहीत कुठे लिहिलीच नव्हती.

आज तो २५० ला विकतो. टपरीवाल्याला ५० रुपये कमिशन जातं, हातात राहतात ५९. शेजारचा १०० ला विकतोय तेव्हा २५० कोण देणार? देतात. दोन विटा टपरीपुढेच ठेवल्या आहेत, गिऱ्हाईकाने स्वतः पाय देऊन बघायचं. पण एक अडचण उरतेच. डिसेंबरात घातलेले पैसे जूनपर्यंत परत येत नाहीत. सहा महिने अडकणारं भांडवल ज्याच्याकडे नाही, त्याने २५ काठ्यांपासून सुरुवात करावी. कर्ज काढून ५०० करू नयेत.

ज्यांना काठी विकत नको त्यांच्यासाठी भाड्याची सोय ठेवा: १०० रुपये अनामत, परत केली की ७० परत. आणि जपानची एक कल्पना मला फार आवडते. माउंट फुजी चढणारे लोक पायथ्याच्या टप्प्यावर साधी लाकडी काठी घेतात. चढताना वाटेवरच्या विश्रामगृहांत थांबतात आणि तिथला माणूस तापलेल्या लोखंडी ठशाने त्या काठीवर आपली खूण उमटवून देतो. प्रत्येक ठशाचे वेगळे पैसे. खाली येईपर्यंत काठी भरलेली असते, आणि ती कोणी फेकून देत नाही. आपल्याकडे गडावर जाळ करायचा नाही, पण पायथ्याच्या गावात लोहाराकडून गडाच्या नावाचा ठसा करून घ्यायला काय हरकत आहे? माणूस गड उतरून आला की चहा पिता पिता ठसा. पुढच्या गडाला तो तीच काठी घेऊन निघेल.

आमच्या पोराने ठसा बनवून घेतलाय. २० रुपये घेतो. काठी दुसऱ्याकडून घेतलेली असली तरी मारून देतो, फक्त आधी ती विटांवर ठेवून बघतो. बाद झालेले २२ तुकडे शेजारच्या शेतकऱ्याने टोमॅटोच्या आधाराला ५ रुपयांप्रमाणे नेले. ते ११० रुपयेही आता वहीत लिहिलेले आहेत.