हृदयगतीचे सांगीतिक निदर्शन

हृदयाच्या ठोक्यांची गती, नियमितता व त्यांतील फेरबदल स्वर आणि लय यांच्या द्वारे ऐकणाऱ्यास कळविण्याची पद्धती. मिनिटाला ६० ठोके पडत असता दोन ठोक्यांतील अंतर १ सेकंद, ७५ असता ०·८ सेकंद व १२० असता ०·५ सेकंद असते. हृदयगती ही मूलतः लयच असल्याने ती ध्वनीने सहज व्यक्त होते.

इतिहास : ॲलेक्झांड्रिया येथील ग्रीक वैद्य हिरॉफिलस (इ. स. पू. सु. ३३५–२८०) यांनी नाडी जलघटिकेने मोजली आणि तिच्या लयीचे वर्णन संगीत व छंद यांच्या परिभाषेत केले. नाडीपरीक्षेवरील संस्कृत ग्रंथांतही नाडीला वीणेच्या तारेची उपमा दिलेली आढळते. फ्रान्समधील नॅन्सी येथील वैद्य फ्रांस्वा नीकॉला मार्के यांनी १७४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निरोगी नाडीची तुलना मिन्युएट या नृत्याच्या ठेक्याशी करून नाडीचे प्रकार स्वरलिपीत लिहून दाखविले. तथापि घड्याळ लावून ठोके मोजणे अधिक सोपे व अचूक असल्याने ही पद्धती मागे पडली.

शस्त्रक्रियागृहातील उपयोग : जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व शोधून काढले. पुढील दशकात प्रचारात आलेल्या या जातीच्या उपकरणांत प्रत्येक ठोक्यास एक स्वर उमटविण्याची सोय झाली. स्वरांच्या लयीवरून हृदयगती कळते, तर स्वराच्या उंचीवरून रक्तातील ऑक्सिजनाचे प्रमाण कळते. ते घटू लागताच स्वर उतरत जातो. त्यामुळे भूलतज्ञाची दृष्टी रुग्णावर वा हातातील कामावर असतानाही धोक्याची सूचना त्यास मिळते. मात्र कानास बदल जसा चटकन जाणवतो, तसे नेमके मूल्य कळत नाही. शिवाय स्वर किती उतरावा याचे प्रमाण सर्व उत्पादकांच्या उपकरणांत सारखे नसते. म्हणून आकडा पाहणे आवश्यकच ठरते.

गजर : वैद्यकीय उपकरणांच्या गजरांविषयीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय मानकात निरनिराळ्या संकटांसाठी छोट्या स्वरावली सुचविल्या होत्या, हृदयासाठीची स्वरावली सा, ग, प या क्रमाने सुरू होई. त्या लक्षात ठेवणे व परस्परांपासून ओळखणे परिचारिकांना अवघड जात असल्याचे चाचण्यांत दिसून आले. २०२० च्या दुरुस्तीने हृदयासाठी प्रत्यक्ष ठोक्यांसारखा ध्वनी मानकात समाविष्ट झाला. सुरेल ध्वनी सुबोध असतोच असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

संशोधन व कला : विद्युत् हृल्लेखातील ठोक्यांमधील अंतरांची सरासरी काढून त्या मूल्यांना स्वरसप्तकातील स्वर नेमून देता येतात. अशा नोंदींवरून रचलेल्या संगीताची हार्टसाँग्ज ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेत १९९५ मध्ये निघाली. निरोगी हृदयाची गती विश्रांतीतही किंचित कमीअधिक होत असते, त्यामुळे तिची स्वररचना वैविध्यपूर्ण असते. हृदय दुर्बल झाल्यास हे फेरबदल बहुधा कमी होतात व रचना एकसुरी होते. निदान मात्र अशा संगीतावरून केले जात नाही. त्यासाठी मूळ हृल्लेखच प्रमाण मानतात.