आकाशाची जागल

१५ फेब्रुवारी २०१३ची रात्र. आपल्याकडे बारा वाजून गेले होते. तेव्हा सुमारे ४० मीटर लांबीचा एक लघुग्रह पृथ्वीपासून जेमतेम २७,७०० किलोमीटरांवरून, म्हणजे दळणवळणाच्या उपग्रहांच्याही अलीकडून, निघून गेला. त्याला स्पेनमधील ला साग्रा वेधशाळेने वर्षभर आधीच हेरले होते.

नुसत्या डोळ्यांना तो दिसत नव्हता. देशोदेशींचे हौशी निरीक्षक मात्र दुर्बिणीला कॅमेरा जोडून बसले होते. रीत साधी आहे. दुर्बीण ताऱ्यांच्या गतीने फिरवीत ठेवायची. मग छायाचित्रात तारे ठिपके होऊन उमटतात, आणि धावत्या लघुग्रहाची रेघ उठते. रेघेची टोके कोणत्या ताऱ्यांपाशी आहेत आणि वेळ नेमकी कोणती, हे मोजले की त्याची वाट अधिक अचूक ठरविता येते.

त्याच दिवशी सकाळी रशियात चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरांचा एक दगड आकाशात फुटला. त्याचा या लघुग्रहाशी काही संबंध नव्हता. हादऱ्याने काचा फुटून हजारावर माणसे जखमी झाली. तो सूर्याच्या बाजूने आल्यामुळे आधी कोणालाच दिसला नव्हता.

शेतावरची जागल रात्रीची; आकाशाचीही तशीच. दिवसाउजेडी येणारा तिच्यातून निसटतो. म्हणून तर सूर्याकडच्या बाजूवर नजर ठेवण्यासाठी आता अवकाशातच दुर्बिणी ठेवण्याची खटपट चालू आहे.